विश्लेषण : ‘शरणपूर’ ते ‘बाळयेशू’... नाशिकच्या चर्चमध्ये माणसे नेमके काय शोधतात?

नाशिकमध्ये शरणपूर रोड रोज हजारो लोक वापरतात. दवाखाने, दुकाने, क्लासेस आणि वाहनांची कोंडी ही या रस्त्याची आजची ओळख. मात्र ‘शरणपूर’ हे कुठल्या जुन्या गावाचे किंवा देवस्थानाचे नाव नाही. घरातून, जातीतून किंवा थेट गुलामगिरीतून बाहेर पडलेल्या माणसांसाठी वसवलेल्या वस्तीचे ते नाव आहे. एकटेपणा हा आरोग्याचा प्रश्न असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले असताना, या वस्तीचा आणि तिच्यातून उभ्या राहिलेल्या चर्च समुदायाचा इतिहास नव्याने पाहण्यासारखा आहे. माणसाला आपलेपण कसे मिळते, त्याची किंमत काय असते आणि जगण्याला हेतू कधी सापडतो, या प्रश्नांची काही उत्तरे त्यात मिळतात.

शरणपूर कसे वसले?

इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकमध्ये १८३२ मध्ये काम सुरू केले. शाळा निघाल्या, पुस्तके वाटली गेली, प्रवचने झाली. मात्र धर्म स्वीकारणाऱ्यांची संख्या मोजकीच होती आणि त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न श्रद्धेचा नव्हता. राहायचे कुठे आणि खायचे काय, हा होता. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला घरी जागा नसे. विहिरीवर पाणी मिळत नसे, जातीचा धंदा बंद होई. कारागीर असला तरी त्याला काम देणारे कोणी उरत नसे.

या अडचणीवरचा उपाय म्हणून १८५४ च्या सुमारास मिशनरी विल्यम साल्टर प्राइस यांनी तेव्हाच्या गावाबाहेर पश्चिमेला स्वतंत्र वस्ती उभारली. बायबलच्या जुन्या करारात संकटात सापडलेल्या माणसाने धाव घ्यावी अशा आश्रयाच्या नगरांची कल्पना आहे. तिच्यावरून या वस्तीचे नाव शरणपूर पडले. तेथे चर्च, शाळा आणि अनाथाश्रम होता. त्याचबरोबर सुतारकाम, लोहारकाम यांसारखे उद्योग शिकवणारे कारखाने होते आणि शेतीही होती. प्रार्थनेइतकेच महत्त्व हाताला काम देण्याला होते. जातीने नाकारलेल्या माणसाला स्वतःच्या कमाईवर उभे राहता आले नाही तर तो कायमचा आश्रित राहील, हे वस्ती उभारणाऱ्यांना उमगले होते.

कायद्याचे संरक्षण होते का?

कागदावर होते. १८५० च्या २१ व्या कायद्याने, म्हणजे जातिविषयक अपात्रता निवारण कायद्याने, धर्म बदलल्यामुळे किंवा जातीबाहेर टाकल्यामुळे माणसाचा मालमत्तेवरील वारसाहक्क जाणार नाही, असे ठरवले. वडिलांच्या जमिनीत वाटा मागण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. मात्र पंगतीतले पान, लग्नाचे बोलावणे, आजारपणात उशाशी बसणारे माणूस, अंत्ययात्रेला खांदा देणारे चार जण या गोष्टी कोणताही कायदा देऊ शकत नव्हता. नेमक्या याच गोष्टी नव्या समुदायाला द्याव्या लागल्या. मराठी प्रोटेस्टंट ख्रिस्ती आजही चर्चच्या सभासदांना ‘मंडळी’ म्हणतात. घरची मंडळी हरवलेल्यांनी चर्चमधल्या माणसांसाठी हाच शब्द वापरावा, यात त्या काळातील गरज दिसते.

आफ्रिकी मुले नाशिकला कशी आली?

शरणपूरच्या इतिहासातील हा सर्वात विलक्षण भाग आहे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरबी गलबतांतून गुलामांची वाहतूक होत असे. ब्रिटिश नौदलाने पकडलेल्या गलबतांवरील काही मुले मुंबईत उतरवली जात. आईवडील कोण, गाव कोणते, हे त्यातील अनेकांना नीट सांगताही येत नसे. कार्ल विल्यम आयझेनबर्ग या मिशनऱ्याने मुंबईत त्यांच्यासाठी काम सुरू केले. पुढे १८६० मध्ये या मुलांना शरणपूरला हलवण्यात आले आणि तेथील ‘आफ्रिकन असायलम’ नावारूपाला आले.

आफ्रिकेचे संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन १८६५ मध्ये नाशिकला आले आणि आपल्या अखेरच्या मोहिमेसाठी त्यांनी येथून काही तरुण निवडले. त्या मोहिमेच्या नोंदींत त्यांचा उल्लेख ‘नाशिक बॉइज’ असा येतो. १८७२ मध्ये नाशिकमध्ये शिकलेले आणखी काही तरुण लिव्हिंगस्टन यांच्याकडे पोहोचले. त्यात जेकब वेनराइट होता. मे १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन यांचा आजच्या झांबियात मृत्यू झाला. तेव्हा त्यांच्या आफ्रिकी सोबत्यांनी त्यांचे हृदय तेथेच झाडाखाली पुरले. दफनविधीची प्रार्थना वेनराइटने वाचली आणि झाडाच्या खोडावर अक्षरेही त्यानेच कोरली. नंतर अनेक महिने पायपीट करून या सर्वांनी मृतदेह किनाऱ्यापर्यंत आणला. तेथून वेनराइट त्यासोबत इंग्लंडला गेला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये झालेल्या दफनाच्या वेळी शवपेटीला खांदा देणाऱ्यांमध्ये तो होता. नाशिकच्या शाळेत अक्षरे गिरवलेला, एकेकाळी गुलाम म्हणून विकला गेलेला तरुण ब्रिटिश साम्राज्याच्या सर्वात मानाच्या प्रार्थनास्थळी उभा होता.

आश्रय मिळाला, पण मान मिळाला का?

१८७५ मध्ये प्राइस यांनी मोंबासाजवळ ‘फ्रेअर टाउन’ ही मुक्त गुलामांची वसाहत उभारली. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांचे नाव तिला दिले गेले. शरणपूरमध्ये वाढलेले आफ्रिकी शिक्षक, कारागीर आणि प्रचारक तेथे गेले. पूर्व आफ्रिकेत त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. मोंबासातील ‘केंगेलेनी’ या भागाचे नाव त्या वसाहतीतील घंटेवरून पडले आहे. या लोकांमधील विल्यम जोन्स लोहारकाम शिकलेला होता. १८८५ मध्ये त्याला इश्माएल सेमलरसह धर्मसेवेची दीक्षा मिळाली.

मात्र येथेच प्रश्नाची दुसरी बाजू समोर आली. आफ्रिकेतील स्थानिक लोकांना हे तरुण भाषा आणि चालीरीतींमुळे परके वाटत. गोऱ्या मिशनऱ्यांना ते बरोबरीचे वाटत नसत. अधिकार, मानधन आणि सन्मान यांवरून खटके उडाले. ज्या समुदायाने त्यांना जगवले त्याच समुदायात निर्णय घेण्याचा हक्क मिळवण्यासाठी त्यांना झगडावे लागले. वेनराइटचा १८९२ मध्ये आफ्रिकेत मृत्यू झाला तेव्हा लंडनमधील त्या दिवसाची झगमग केव्हाच मागे पडली होती. आश्रय देणारा आणि आश्रय घेणारा हे नाते कायम तसेच राहिले, तर त्यातून आपलेपण तयार होत नाही. पाहुण्याला जेवायला वाढतात, घरातल्या माणसाला वाढायलाही सांगतात. हा फरक नाशिकच्या पुढील इतिहासातही पुन्हा पुन्हा दिसतो.

लक्ष्मीबाई टिळकांचा अनुभव काय सांगतो?

मराठी वाचकांना या प्रवासाची सर्वात प्रामाणिक नोंद ‘स्मृतिचित्रे’मध्ये मिळते. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरी वडिलांचे सोवळे कमालीचे कडक. पती नारायण वामन टिळक यांनीही नाशिकमध्ये गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृतचे शिक्षण घेतले होते. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. नवरा जिवंत, पण संसार मोडलेला. पुढची काही वर्षे त्यांनी लहान मुलासह नातेवाइकांच्या आधाराने काढली.

पुढे त्या टिळकांकडे राहायला गेल्या तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे कायम. टिळकांनीही सक्ती केली नाही. बदल हळूहळू झाला आणि त्याचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी जातिभेद माणसाने केला की देवाने, या प्रश्नाने त्यांना गाठले. मग त्यांनी शिवाशीव सोडली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. म्हणजे कोणाच्या हातचे पाणी प्यायचे याचा निर्णय धर्मांतराच्या आधी झाला होता. आपली माणसे कोण, याचे उत्तर बदलले आणि नंतर धर्माचे नाव बदलले.

त्यानंतर लक्ष्मीबाई केवळ ‘टिळकांची बायको’ म्हणून उरल्या नाहीत. दुष्काळात आणि प्लेगमध्ये आईवडील गमावलेल्या मुलांना त्यांनी घरात घेतले, प्लेगच्या छावणीत सेवा केली, कीर्तने केली, कविता लिहिल्या. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या या बाईंनी टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ महाकाव्य पुढे नेले. त्याचे बहुतेक अध्याय त्यांचेच आहेत. १९३३ मध्ये नागपूरच्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली आणि १९३६ मध्ये नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले. ज्या परिसरात त्यांचे सोवळे सुरू झाले, त्याच परिसरात त्यांचे जगणे सर्वांसाठी खुले होऊन संपले.

टिळकांनी ‘देवाचा दरबार’ का काढला?

रेव्हरंड टिळकांना चर्चमध्ये मान होता. ‘ज्ञानोदय’ या १८४२ मध्ये सुरू झालेल्या नियतकालिकाशी त्यांचा निकटचा संबंध होता. त्यांची शेकडो पदे आणि भजने मराठी चर्चमध्ये गायली जाऊ लागली. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांचा वाटा मोठा आहे. इंग्रजी चालीवर भाषांतरित गीते गाणाऱ्या मंडळीच्या हाती त्यांनी टाळ, मृदंग आणि अभंगाचे वळण दिले. माणसाला आपल्या भाषेत, आपल्या तालात देवाशी बोलता आले तरच ते स्थान त्याचे होते, ही त्यांची भूमिका होती.

मात्र परदेशी मिशनच्या चौकटीत भारतीय ख्रिस्ती माणूस नोकरासारखा राहतो, ही खंत त्यांना होती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे दोन्ही प्रकारचे अनुयायी त्यात एकत्र यावेत, अशी कल्पना होती. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले आणि प्रयोग मूळ धरण्याआधीच थांबला. तरीही त्यांनी विचारलेला प्रश्न कायम आहे. समाजापासून तुटल्याशिवाय माणसाला नव्या समुदायाचे होता येईल का?

आज नाशिकमधील चर्च समुदाय कसा आहे?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहून किंचित कमी आहे. नाशिकमध्ये दोन प्रवाह ठळक आहेत. पहिला प्रोटेस्टंट. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरमध्ये सहा चर्च परंपरा एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. शरणपूर रोडवरील संत आंद्रिया चर्च या परंपरेत येते. दुसरा प्रवाह कॅथोलिक. १९८७ मध्ये पुणे धर्मप्रांतातून नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि थॉमस भालेराव त्याचे पहिले बिशप झाले. नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे जिल्हे त्यात येतात. त्र्यंबक रोडवरील होली क्रॉस आणि नाशिकरोडचे संत अण्णा महामंदिर ही त्याची शहरातील परिचित ठिकाणे. यांखेरीज स्वतंत्र प्रार्थनागटही आहेत.

नाशिकरोड-देवळाली भागात लष्करी छावणी, रेल्वे आणि सरकारी छापखाने यांमुळे देशाच्या अनेक भागांतून माणसे आली. त्यामुळे एकाच चर्चमध्ये अहिल्यानगरच्या खेड्यातील मराठी कुटुंब, गोव्याचे कोकणी कुटुंब आणि केरळ किंवा तमिळनाडूतून आलेला कर्मचारी शेजारी बसलेला दिसतो. नव्या शहरात आलेल्याला भाड्याची खोली, मुलांची शाळा, विश्वासू डॉक्टर यांची पहिली माहिती अनेकदा येथेच मिळते.

रविवारी एक तास जाऊन आपलेपण कसे तयार होते?

केवळ रविवारच्या उपासनेने ते होत नाही. चर्चची रचना पाहिली तर हे समजते. प्रोटेस्टंट मंडळीत पाळकांबरोबर सभासदांनी निवडलेली पाळक समिती असते. हिशेब, दुरुस्ती, कार्यक्रम यांची जबाबदारी तिच्याकडे असते. त्याखेरीज महिला मंडळ, तरुण संघ, गायनवृंद, मुलांसाठी संडे स्कूल आणि घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभा असतात. कॅथोलिक धर्मग्रामातही छोटे वस्तीगट, वाचक, वेदीसेवक, गायक अशा भूमिका असतात.

यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, प्रत्येकाला काहीतरी काम आहे. दहा वर्षांच्या मुलाला शास्त्रपाठ वाचायला उभे करतात. निवृत्त कारकून दानपेटीचा हिशेब ठेवतो. ज्या बाईला घरात कोणी काही विचारत नाही, तिला आजारी सभासदाच्या घरी प्रार्थनेला नेतात आणि तिथे तिच्या शब्दांची वाट पाहिली जाते. दुसरी गोष्ट, गैरहजेरी लक्षात येते. सलग तीन रविवार माणूस दिसला नाही तर कोणीतरी फोन करते किंवा घरी येते. मोठ्या शहरात माणूस दिसेनासा झाल्याचे कळायला जितका वेळ लागतो, तितका तो एकटा असतो.

वर्षाच्या चक्राचाही वाटा आहे. नाताळाआधी घरोघर फिरणारे कॅरलगट, ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ, शुभ शुक्रवारची दीर्घ उपासना, पीक आल्यावर शेतमाल अर्पण करण्याचा हंगामाचा सण या निमित्तांनी एकत्र काम करावे लागते. खुर्च्या मांडता मांडता, पातेली घासता घासता होणारी ओळख प्रवचनातून होत नाही.

सभासद नसलेल्यांचे काय?

नाशिकरोडच्या नेहरूनगर भागातील बाळयेशू मंदिर हे याचे उत्तर आहे. येशूसंघाच्या धर्मगुरूंकडे त्याची व्यवस्था आहे. बाळयेशूच्या भक्तीचे मूळ प्राग शहरात आहे. तेथील चर्चला १६२८ मध्ये पोलिक्सेना या सरदारकुळातील स्त्रीने बाळयेशूची मूर्ती दिली आणि तिची ख्याती जगभर पसरली. नाशिकरोडला दर फेब्रुवारीत भरणाऱ्या यात्रेला दूरदूरचे भाविक येतात आणि त्यात इतर धर्मांच्या लोकांची संख्या मोठी असते. नवस बोलणे, मेणबत्ती लावणे, रांगेत उभे राहणे या गोष्टी मराठी माणसाला ओळखीच्या आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातील हरेगावला सप्टेंबरमध्ये मतमाउलीची यात्रा भरते. तेथेही हेच दिसते.

अशा ठिकाणी कोणी तुमचे नाव विचारत नाही आणि धर्म तर नाहीच. मन मोकळे करायला जागा मिळते, पण जबाबदारी येत नाही. हे आपलेपण सैल असते, तरी खोटे नसते. टिळकांना ‘दरबारा’त जे हवे होते त्याचा काही अंश यात्रेच्या या गर्दीत आपोआप घडताना दिसतो.

अभ्यास काय सांगतात?

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल डर्कहाइम यांनी १८९७ मध्ये आत्महत्येवरील ग्रंथात मांडले की, माणूस समूहात जितका घट्ट गुंफलेला असतो तितके त्याला जगण्याचे बळ मिळते. १ ते १० या मोजपट्टीवर माणसे आपल्या आयुष्याविषयी किती समाधानी आहेत, हे अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ चेयून लिम आणि रॉबर्ट पटनम यांच्या २०१० मधील अभ्यासात पाहिले गेले. दर आठवड्याला उपासनेला जाणारे आणि तेथे तीन ते पाच जवळचे मित्र असणारे ३३ टक्के लोक अत्यंत समाधानी होते. दर आठवड्याला जाणारे, पण तेथे एकही जवळचा मित्र नसणारे मात्र १९ टक्केच. म्हणजे फरक मुख्यतः नियमित हजेरीने पडत नव्हता, शेजारी बसणाऱ्या माणसाने पडत होता. हा अभ्यास अमेरिकेतील आहे आणि येथील कुटुंबव्यवस्था वेगळी आहे, हे ध्यानात ठेवूनही त्यातील मुद्दा नाशिकच्या अनुभवाशी जुळतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक संबंधविषयक आयोगाने जून २०२५ मधील अहवालात जगातील दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपणा जाणवतो, असे म्हटले. त्याचा संबंध दरवर्षी सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी असल्याचा अंदाजही मांडला. यावरचा उपाय म्हणून अहवालाने शेजार, संस्था, सार्वजनिक जागा यांवर भर दिला आहे. देऊळ, विहार, मशीद, गुरुद्वारा, वाचनालय, भजनी मंडळ, व्यायामशाळा हे सारे यात येते. चर्च हा त्यातील एक नमुना.

या आपलेपणाची किंमत काय?

पहिली किंमत कायदेशीर आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा सुरुवातीला हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध धर्मीयांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुस्लीम दलितांना तो मिळत नाही. अनुसूचित जमातींना अशी धर्माची अट नाही. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना महाराष्ट्रात इतर मागासवर्गात धरले जाते. या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वराणी प्रकरणात, केवळ आरक्षणासाठी स्वतःला हिंदू म्हणवणे मान्य करता येणार नाही, असे म्हटले. याचा व्यवहारातील परिणाम असा की, काही कुटुंबांत मनाने एका ठिकाणी आणि कागदावर दुसऱ्या ठिकाणी असे दुहेरी जगणे चालते. रविवारी सर्वांसमोर नाव घेण्याची मुभा आणि सोमवारी प्रमाणपत्र हातचे जाण्याची भीती, या दोन्हींमध्ये ती अडकतात.

दुसरी किंमत संशयाची. १८७६-७८ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत अहिल्यानगर-नाशिक पट्ट्यात अनेक दलित कुटुंबे ख्रिस्ती झाली. ‘पोटासाठी धर्म बदलला’ हा टोमणा त्यांच्या पतवंडांनाही ऐकावा लागतो. भूक आणि मान या दोन्ही गोष्टी त्यांना एकाच वेळी हव्या होत्या आणि दोन्ही नाकारल्या गेल्या होत्या, हे या टोमण्यात विसरले जाते. दुसरीकडे, राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदातील प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस प्रकरणात स्पष्ट केले आहे. कुठलाही समुदाय अडचणीतील माणसाला मदत करताना त्या बदल्यात निष्ठा मागू लागला, तर ती मदत उरत नाही.

तिसरी किंमत समुदायाच्या आतली. जात उंबऱ्याबाहेर राहतेच असे नाही. लग्न ठरवताना पूर्वीची जात विचारली जाते. मिशनकाळातील जमिनी आणि विश्वस्तपदे यांवरून महाराष्ट्रात अनेक वाद न्यायालयांत गेले आहेत. आणि जिथे सर्वजण एकमेकांना ओळखतात तिथे घटस्फोटित, आंतरधर्मीय विवाह केलेली किंवा शंका विचारणारी माणसे एकाकी पडू शकतात. घट्ट समूहाची ऊब आणि त्याचा दाब एकाच ठिकाणाहून येतात.

मग हेतू सापडतो तो कशातून?

शरणपूरच्या सुमारे पावणेदोनशे वर्षांच्या अनुभवातून तीन पायऱ्या दिसतात. पहिली आश्रयाची. माणसाला आधी छप्पर, अन्न आणि सुरक्षितता लागते. ते मिळाल्याशिवाय पुढचे बोलणे व्यर्थ. दुसरी ओळखीची. त्याला नावाने हाक मारणारे, त्याच्या भाषेत गाणारे, तो आला नाही तर चौकशी करणारे लोक लागतात. तिसरी जबाबदारीची. कोणीतरी त्याच्यावर अवलंबून असावे लागते. पहिल्या पायरीवर थांबलेला समुदाय दानशूर असतो, दुसरीवर थांबलेला प्रेमळ असतो. मात्र जगण्याचा हेतू तिसऱ्या पायरीवर सापडतो.

वेनराइटला तो एका मृतदेहाची जबाबदारी उचलताना सापडला. लक्ष्मीबाईंना दुसऱ्यांची मुले वाढवताना सापडला. त्या दोघांनाही सुरुवातीला आश्रय हवा होता. पुढे त्यांनी दुसऱ्यांना आधार दिला. ज्यांना त्यांच्या समुदायाने ही संधी नाकारली, ते कडवट झाले किंवा बाहेर पडले.

हे निकष केवळ चर्चला लागू होत नाहीत. सोसायटीचे मंडळ असो, दिंडी असो की ग्रंथालय, नवीन माणूस आल्यावर त्याला बसायला खुर्ची दिली जाते का, हा पहिला प्रश्न. काही महिन्यांनी खुर्च्या मांडायला त्याला हाक मारली जाते का, हा दुसरा. शरणपूरची वस्ती आता शहरात मिसळून गेली आहे आणि आश्रयाची भिंत उरलेली नाही. शहरात रोज कामासाठी, शिक्षणासाठी, उपचारासाठी नवी माणसे येत आहेत. त्यांना पहिली खुर्ची आणि नंतरची हाक कोण देणार, हा प्रश्न सर्वच समुदायांपुढे आहे.